मधुमेह, गर्भ आणि ऑटिझम: पुण्यातल्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली चार दशकं एकाच प्रश्नाच्या मागे लागले आहेत: आपल्याकडे अंगाने बारीक आणि वयाने तरुण असलेल्या माणसांना एवढा मधुमेह का होतो? उत्तर शोधत ते मागे मागे गेले. आधी बालपण, मग जन्म, मग गर्भ, आणि आता गर्भ राहण्याच्याही आधीची मुलगी. या कामाबद्दल वाचक जे विचारतात त्यातले बरेचसे प्रश्न इथे घेतले आहेत. ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, प्रश्न मुद्दाम घेतले आहेत, कारण आईचा मधुमेह आणि मुलाचा मेंदू यांच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर सध्या वाट्टेल ते फिरतं आहे.

डॉ. याज्ञिक नेमके कोण?

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात मधुमेह विभाग त्यांनी उभा केला. त्याआधी ऑक्सफर्डला काही वर्षं संशोधन करून ते परत आले. ऐंशीच्या दशकात इथले रुग्ण तपासू लागल्यावर लक्षात आलं की पुस्तकातला 'टाइप २'चा, म्हणजे मोठ्या वयात होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाचा, रुग्ण आणि ओपीडीतला रुग्ण यांचा मेळ बसत नाही. पुस्तकातला रुग्ण पन्नाशी ओलांडलेला आणि लठ्ठ. समोर बसलेला पस्तीस-चाळिशीचा, बेताच्या वजनाचा, फक्त पोट थोडं सुटलेला. पुढचं सगळं काम या विसंगतीतून निघालं.

मी तर बारीक आहे. मला कशाला होईल मधुमेह?

यावर सर्वांत बोलकं उत्तर २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका पानाचं आहे. त्यात दोन शास्त्रज्ञांची छायाचित्रं आहेत: याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही 'नॉर्मल'. पण क्ष-किरणांच्या खास यंत्राने शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. दुपटीहून जास्त!

युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि आपला व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठणं, असं याज्ञिकांनी त्यात लिहून टाकलं आहे. आपलं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं, हेही. स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून मांडणारे शास्त्रज्ञ फारसे भेटत नाहीत.

तर मुद्दा असा. बारीक हातपाय ही खात्री नव्हे. स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत, असं शरीर वजनकाट्यावर पकडलं जात नाही.

मग वजन बघायचंच नाही का?

बघा, पण टेप घेऊन कंबरही मोजा. भारतीयांसाठी बीएमआय २३च्या वर गेला की जास्त वजन आणि २५च्या वर लठ्ठपणा धरतात. युरोपातले आकडे २५ आणि ३० आहेत. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता धरायची. पोट आत ओढून मोजणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

नवजात बाळाची चरबी मोजली म्हणतात. ती कशी, आणि कुणी?

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक आहे, संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव. के.ई.एम.च्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात या भागात ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं होतं, गावातल्याच बायकांना तयार करून. लोकांचा विश्वास आधीपासून होता, म्हणून १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू होऊ शकला. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल त्यात सोबत होते. आहाराचा भाग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी पाहिला.

यातलं वेगळेपण असं की बायका गरोदर राहायच्या आधीपासून नोंदी सुरू झाल्या. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारून लिहून घ्यायच्या. पाळी चुकली की पुढे सोनोग्राफी, आहाराची नोंद, रक्ताचे नमुने. लग्न होऊन नुकतीच आलेली सून, घरात सासू, आणि बाहेरची बाई येऊन पाळीची तारीख विचारते! हे ज्यांनी निभावलं त्या कार्यकर्त्यांची नावं शोधनिबंधाच्या मथळ्याखाली सहसा नसतात, पण त्यांच्याशिवाय हा अभ्यास झालाच नसता.

या बायका सरासरी एकवीस वर्षांच्या, उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, वजन बेचाळीस किलोच्या आत. बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत त्याची मापं घ्यायची: वजन, लांबी, डोकं, दंड, पोट, आणि त्वचेच्या घडीची जाडी. ही घडी चिमट्यासारख्या कॅलिपरने मोजतात. बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, त्वचा दोन बोटांत हलकेच उचलायची आणि कॅलिपर लावून मिलिमीटरमध्ये वाचायची. जेवढी घडी जाड तेवढी त्वचेखाली चरबी जास्त.

मग ही मापं साउदॅम्प्टनच्या बाळांशेजारी ठेवली. पुण्याच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळीकडून लहान, पोटाचा घेर आणि स्नायू तर फारच कमी. फक्त पाठीवरची ती घडी मात्र जवळजवळ टिकून होती. म्हणजे पाऊण किलोने लहान असलेल्या बाळाने स्नायू आणि पोटातले अवयव यांच्यावर काटकसर केली, चरबी मात्र राखून ठेवली. २००३ साली हा निष्कर्ष छापून आला आणि 'थिन-फॅट इंडियन बेबी' हा शब्दप्रयोग जगभर गेला. बारीक पण चरबीदार शरीर चाळिशीतल्या वड्यापावाने सुरू होत नाही, ते जन्मतःच तसं असतं, हे त्यातून दिसलं.

म्हणजे माझं बाळ कमी वजनाचं जन्मलं तर त्याला मधुमेह होणारच?

नाही. धोका वाढतो, एवढंच.

के.ई.एम.मध्ये १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांचा एक वेगळा अभ्यास आहे. ती मुलं आठ वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, सर्वांत कमी दाद देणारी शरीरं कुणाची होती? जन्मतः हलकी आणि आठव्या वर्षी वजनदार असलेल्यांची. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की गडबड. म्हणून 'बाळ बारीक आहे, भरव, भरव' हा आजीचा आग्रह जरा आवरायला हवा. उंची वाढणं, स्नायू भरणं आणि नुसतं गुटगुटीत होणं यांत फरक आहे.

गावातल्या त्या अभ्यासातली मुलं पुढे अठरा वर्षांची झाली. त्यांच्यात ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तात साखर नेहमीपेक्षा जास्त निघाली, बहुतेक मधुमेहाच्या आधीच्या टप्प्यातली. त्याच वेळी निम्मी मुलं-मुली चक्क कमी वजनाची होती. शेतात राबणारी, काटक दिसणारी पोरं! ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढली त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती. आणि त्यांची वाढ गर्भातच मागे पडलेली होती.

२०२३ साली आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर, असे अंदाज आहेत. वडापाव, बैठं काम आणि मोबाइल यांच्या डोक्यावर हे सगळं फोडता येत नाही, असं माझं मत या अठरा वर्षांच्या पोरांमुळे झालं आहे.

गर्भारपणात 'दोघांचं खा' म्हणतात. ते बरोबर आहे?

किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याला महत्त्व आहे. त्या सहा गावांतल्या बायकांचा आहार दिवसाला साधारण १८०० कॅलरींच्या आतबाहेर होता. कॅलरी किंवा प्रथिनं थोडी कमी-जास्त असण्याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध सापडला नाही. सापडला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या बायका हे पदार्थ जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती.

मेथी, पालक, चवळई, शेपू, अंबाडी यांत काही महाग नाही. पण घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर बाईच्या ताटात भाजी उरते का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठीने सुटत नाही.

गरोदर बाईने काम करत राहिलं की बाळंतपण सोपं जातं, हे खरं का?

हिंडणं-फिरणं चांगलंच. पण याच अभ्यासात दिसलं की शेतातलं जड काम, पाणी भरणं, धुणं यांचा भार ज्यांच्यावर जास्त होता त्यांची बाळं लहान जन्मली. दुष्काळी पट्ट्यात दोन हंडे घेऊन चालणं याला व्यायाम म्हणू नये. गावात नळ येणं हीदेखील मधुमेह रोखणारी गोष्ट ठरू शकते. आरोग्य खात्याच्या फायलीत ती सापडणार नाही, इतकंच.

बी-१२ चा मधुमेहाशी काय संबंध?

त्या गावांतल्या गरोदर बायकांच्या साठवलेल्या रक्तात पुढे जीवनसत्त्वं मोजली. दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी निघालं. फॉलेटची (हे पालेभाजीतलं जीवनसत्त्व, गोळीत ते फॉलिक अॅसिड म्हणून असतं) कमतरता मात्र जवळजवळ कुणातच नव्हती. पालेभाजी आणि सरकारी गोळ्या यांनी फॉलेट भागवलं, बी-१२ राहून गेलं.

मुलं सहा वर्षांची झाल्यावर या रक्ताचा अर्थ लागला. ज्या आयांचं फॉलेट सर्वांत वर आणि बी-१२ सर्वांत खाली होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. हे २००८ साली छापून आलं. ही दोन जीवनसत्त्वं पेशींत एकाच कामावर जोडीने असतात. त्यांच्यामुळे डीएनए तयार होतो आणि कुठलं जनुक चालू, कुठलं बंद याच्या रासायनिक खुणा त्यावर बसतात. बी-१२ नसेल तर फॉलेट एका ठिकाणी अडकून पडतं आणि पुढचं काम खोळंबतं.

हे संबंध आहेत, अजून सिद्ध झालेलं कारण नव्हे. 'शाकाहारामुळे मधुमेह' असे मथळे त्या वेळी काही ठिकाणी आले. तसं या अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही.

मग फॉलिक अॅसिडची गोळी बंद करू का?

अजिबात नको! गर्भ राहण्याआधी आणि पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अॅसिड घेतल्याने बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू यांतले जन्मदोष मोठ्या प्रमाणात टळतात. १९९१ साली ब्रिटनमधून आलेल्या मोठ्या चाचणीने हे पक्कं केलं. वाद वेगळा आहे: सरकारी लोहाच्या गोळीत लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक अॅसिड ५०० मायक्रोग्रॅम असतं, त्यात बी-१२ का घालू नये? मला तरी हा प्रश्न रास्त वाटतो. पण त्याचं उत्तर धोरण ठरवणाऱ्यांनी द्यायचं आहे, गरोदर बाईने स्वतःची गोळी बंद करून नव्हे.

आम्ही शाकाहारी आहोत. बी-१२ कुठून मिळवायचं?

दूध, दही, ताक, पनीर. अंडी चालत असतील तर अंडी. मासे, मटण, विशेषतः कलेजी, खाणाऱ्यांना सहसा अडचण नसते. मात्र आठवड्यातून एखाद्या रविवारी खाणाऱ्यांनी स्वतःला त्यात धरू नये. रोज दूध दिलं तर तरुण शाकाहारींची पातळी सुधारते, हे पुण्यातच तपासून पाहिलेलं आहे. मोड आलेली कडधान्यं, पालक, बीट, गूळ यांत बी-१२ नसतं, कितीही लोक तसं सांगोत. चहात घातलेलं चार चमचे दूधही हिशेबात धरण्यासारखं नाही.

पुण्यातल्या पुरुषांची एक पाहणी झाली होती, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय अशा तीन गटांत. सर्वांत जास्त कमतरता कुणात? मध्यमवर्गीयांत, ८१ टक्के. सदाशिव पेठेने वाईट वाटून घेऊ नये.

तपासणीचा आकडा आपल्याकडच्या प्रयोगशाळा पिकोग्रॅममध्ये देतात, आणि साधारण २००च्या खाली असेल तर कमी धरतात. आणखी एक गोष्ट: मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी अनेक वर्षं चालू असलेल्या मधुमेहींमध्ये बी-१२ आणखी खाली जाऊ शकतं. पायाला मुंग्या येतात त्या साखरेमुळे की बी-१२ मुळे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांना विचारा.

गरोदरपणातला मधुमेह हा यातच येतो का?

याज्ञिकांच्या मांडणीत दोन ओझी आहेत. एका बाजूला पोषण कमी पडल्याने गर्भाची घडण बिघडते. दुसऱ्या बाजूला आईच्या रक्तात साखर जास्त असल्याने गर्भाला नको एवढं इंधन मिळतं. आपल्याकडे बऱ्याचदा दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला येतात: लहानपणी कुपोषित, शहरात आल्यावर वजन वाढलेली, आणि पोटुशी असताना साखर वर. तिची मुलगी पुढे तेच घेऊन जन्मते.

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. उपाशीपोटी जायची गरज नाही, म्हणून एसटीने दोन तास प्रवास करून आलेल्या बाईलाही ती करता येते. ही पद्धत चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या गटाने रुजवली. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, असं राष्ट्रीय मार्गदर्शन आहे. सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. 'आमच्या घराण्यात कुणाला नाही' म्हणून टाळू नका.

या सगळ्यात ऑटिझम कुठून आला?

पुण्याच्या अभ्यासांचा विषय ऑटिझम नव्हता, हे आधी स्पष्ट करतो. मेंदूच्या वाढीचा मात्र होता. ज्या आयांचं बी-१२ गरोदरपणात फार कमी होतं त्यांची मुलं नऊ वर्षांची असताना लक्ष देण्याच्या आणि आकडे उलट क्रमाने सांगण्याच्या चाचण्यांत मागे पडली. गर्भातल्या पोषणाचा ठसा इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडावर उमटतो तसा मेंदूवरही उमटतो, इथपर्यंत धागा पक्का आहे. ऑटिझमचा पुढचा धागा जोडला तो अमेरिका-युरोपातल्या अभ्यासांनी.

आईला मधुमेह असेल तर मुलाला ऑटिझम होतो का?

प्रश्न असाच्या असा विचारला जातो आणि त्यातच अर्धी भीती असते. म्हणून आकडे नीट बघू.

कॅलिफोर्नियात ३ लाख २२ हजार मुलांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१५ साली एक निबंध आला. ज्या आयांना गरोदरपणातला मधुमेह २६ आठवड्यांच्या आत सापडला होता त्यांच्या मुलांत ऑटिझमचं निदान १.४२ पट आढळलं. २६ आठवड्यांनंतर सापडलेल्यांत वाढ दिसली नाही. त्याच गटाने २०१८ साली पुन्हा पाहिलं तेव्हा आईला आधीपासून टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणारा) असल्यास प्रमाण दुपटीच्या थोडं वर, टाइप २ असल्यास सुमारे दीडपट होतं.

आता १.४२ पट म्हणजे किती? समजा हजार मुलांत दहा मुलांना ऑटिझम आहे. अशा आयांच्या हजार मुलांत ती संख्या चौदा होईल. म्हणजे ९८६ मुलांत नाहीच. आणि ही वाढ साखरेमुळेच झाली असंही सिद्ध नाही. आईचं वजन, वय, दोघांत सामाईक असलेली जनुकं, जास्त तपासण्या होणारं घर, असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. संशोधक त्यांचा हिशेब धरतात, पण सगळे धागे सुटे होत नाहीत.

साखर लवकर तपासून आटोक्यात ठेवावी, हे ऑटिझमचं नाव न घेताही खरं आहे: आईसाठी, बाळंतपणासाठी, बाळाच्या वजनासाठी. पण ज्या आईचं मूल आज चार वर्षांचं आहे आणि ऑटिझमचं निदान झालं आहे, तिला 'तुझी साखर होती ना तेव्हा' असं ऐकवणाऱ्या नातेवाइकांना या निबंधाचा आधार नाही. एखाद्या मुलाच्या ऑटिझमचं कारण असं मागे जाऊन दाखवता येत नाही.

बी-१२ आणि फॉलिक अॅसिड जास्त घेतलं तर ऑटिझम टळेल?

जास्त म्हणजे चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात गरोदरपणात मल्टिव्हिटॅमिन बेताने घेणाऱ्या आयांच्या मुलांत धोका कमी दिसला; पण बाळंतपणाच्या वेळी ज्यांच्या रक्तात फॉलेट किंवा बी-१२ अतिशय जास्त होतं त्यांच्या मुलांत तो वाढलेला दिसला. हाही संबंधच, कारण नव्हे. ज्यांच्यात कमतरता आहे त्यांनी ती भरून काढावी. बाकीच्यांनी इंजेक्शनांचे कोर्स हौसेने करू नयेत.

लसींमुळे मधुमेह किंवा ऑटिझम होतो असं एका डॉक्टरांनी सांगितलं...

नाही होत. गोवराच्या लसीचं आणि ऑटिझमचं नातं सांगणारा १९९८ चा निबंध फक्त बारा मुलांवर होता, त्यात लबाडी निघाली आणि २०१० साली 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये ६ लाख ५७ हजार मुलांचा अभ्यास २०१९ साली आला. लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नव्हता. टाइप १ मधुमेहाबद्दलही तिथेच सात लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी २००४ साली तपासल्या गेल्या. संबंध सापडला नाही. लस चुकवू नका.

आपल्याकडे ऑटिझमचं प्रमाण किती?

देशात पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती: कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपला उत्तर गोवा. २०१८ साली आलेल्या त्या निष्कर्षांनुसार मेंदूच्या वाढीशी संबंधित कुठली ना कुठली अडचण, म्हणजे ऐकू न येण्यापासून फिट्स आणि ऑटिझमपर्यंत, साधारण आठ-नऊ मुलांमागे एकाला होती. ऑटिझम त्यातला एक भाग, शंभरात एकाच्या आसपास.

अमेरिकेत ताजा आकडा ३१ मुलांमागे एक असा आहे आणि तो दर वेळी वाढतो. त्यातली बरीच वाढ निदानाची व्याख्या रुंदावल्याने आणि तपासणी लहानपणीच होऊ लागल्याने आहे. पूर्वी 'एकलकोंडा आहे, जरा विचित्र आहे' म्हणून सोडून दिलेली मुलं आता मोजली जातात.

निदान झालं तर इथे काही सोय आहे का?

बोलणं, वर्तन आणि खेळ यांवर आधारलेले उपचार लवकर सुरू होणं महत्त्वाचं. तज्ज्ञ मात्र शहरांतच आहेत. गोव्याच्या 'संगत' संस्थेने यावर एक वाट शोधली: तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या आई-वडिलांनाच मुलाशी कसं खेळायचं, बोलायचं हे शिकवतात. गोवा आणि रावळपिंडी इथे एकत्र झालेल्या चाचणीत आई-वडिलांचा मुलाशी संवाद यामुळे सुधारला. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, स्वतंत्र नोंद आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं. त्याला लागणारे हेलपाटे हा वेगळा विषय आहे.

हे सगळं जनुकांमुळेच आहे, असं का म्हणत नाहीत?

जनुकं आहेतच. पण एक उंदरांचा प्रयोग सांगतो, २०१५ चा, त्यात याज्ञिकही सहभागी होते. प्रयोगशाळेतले उंदीर पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी ठेवले, ५० पिढ्या. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर खायला दिलं. वजन सुधारलं, पण इन्सुलिनचा बिघाड गेला नाही. त्यांच्यातही बी-१२ कमी होतं. माणसाच्या पन्नास पिढ्या म्हणजे हजार-बाराशे वर्षं. सहाशे वर्षांपूर्वीच्या दुर्गादेवीच्या दुष्काळाच्याही खूप मागे जातो आपण. उंदरांवरून माणसाबद्दल किती बोलावं याला मर्यादा आहे, पण 'आता पोटभर मिळतंय ना, मग झालं' एवढं हे प्रकरण सोपं नाही.

'टाइप ५' मधुमेह म्हणजे हाच का?

जवळचा, पण तोच नव्हे. कुपोषणातून येणारा मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली वेगळा धरला होता आणि १९९९ साली यादीतून काढला. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉकच्या परिषदेत त्याला 'टाइप ५' म्हणून पुन्हा जागा दिली. त्यात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं (सीएमसी) मोठं काम आहे. हे रुग्ण फार कृश असतात आणि त्यांना इन्सुलिन कमी पडतं. सगळ्या बारीक मधुमेहींवर हा शिक्का मारू नये; तज्ज्ञांतही यावर एकमत नाही.

मग उपाय कधी करायचा? गरोदर राहिल्यावर उशीर होतो का?

थोडा होतोच. बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडू लागतात, बऱ्याचदा बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून पुण्याच्या गटाने २०१२ साली 'प्रिया' नावाची चाचणी सुरू केली. त्या सहा गावांत जन्मलेली मुलं तोवर सतरा-अठरा वर्षांची झाली होती. त्यांना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, म्हणजे फक्त रोजच्या गरजेएवढं, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्मपोषकं, आणि काहींना तुलनेसाठी नुसती दिखाऊ गोळी दिली. मग त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. १९९३ साली ज्यांच्या पाळीच्या तारखा लिहिल्या गेल्या त्या बायका आता आजी आहेत.

या नातवंडांची दोन वर्षांच्या आसपास विकास-चाचणी घेतली. ज्या आयांना गर्भ राहण्याआधी फक्त बी-१२ मिळालं होतं त्यांची मुलं समज आणि भाषा या दोन्हींत दिखाऊ गोळीच्या गटापेक्षा पुढे निघाली. इतर सूक्ष्मपोषकांची भर घातलेल्या गटात मात्र असा फरक दिसला नाही, आणि तो का दिसला नाही हे अजून कोडंच आहे. मुलांची संख्या कमी आहे, म्हणून यावरून लगेच देशभर गोळ्या वाटा असं म्हणता येत नाही. या मुलांच्या साखरेचं काय होतं हे कळायला ती आणखी मोठी व्हावी लागतील.